बेलपाड्याचं दुपारचं नेट

आमच्या धंद्यात दार उघडणारा माणूस आधीच चिडलेला असतो. डॉक्टरकडे माणूस दुखणं घेऊन जातो तेव्हा निदान नरम तरी असतो. आमच्याकडे उलटं. दार उघडतं आणि पहिलं वाक्य येतं, "राउटर बदलून द्या." मी अजून चपला काढलेल्या नसतात, पिशवी खांद्यावर असते आणि निदान झालेलं असतं. अशा वेळी मी मुद्दाम पाणी मागायचो. पाणी आणायला माणूस आत गेला की तेवढ्यात घर बघून घेता येतं. मंडळी कुठे बसतात, टीव्ही कुठे आहे, भिंती किती, मासे पाळलेत का (काचपेटीतल्या पाण्यानेही वाय-फाय अडतं). नेटची अर्धी दुखणी तिथेच कळतात.

मी पनवेलचा. आधी केबल टीव्हीच्या काळात गच्च्यागच्च्यांवरून काळ्या वायरी ओढल्या, मग त्याच मालकाने इंटरनेट सुरू केलं तेव्हा इंटरनेट ओढलं. पनवेल गाव, नवीन पनवेल, खांदा कॉलनी, खारघर, पार ओव्याच्या डोंगराच्या कडेपर्यंत. यंदा थांबलो, कारण गुडघ्यांनी शिडीला साफ नकार दिला. दिवाळी अंकाच्या संपादक बाई आमच्या जुन्या ग्राहक. त्यांच्या घरचं नेट मी अनेकदा चालू केलंय, म्हणून त्या म्हणाल्या की आता तुम्ही लिहा. लिहिण्याचा सराव नाही. तक्रारीच्या कागदावर 'काम झाले' एवढंच आजवर लिहिलं.

बाहेरच्यांसाठी धंदा थोडक्यात सांगतो. रस्त्यावरून तुमच्या घरात येते ती काचेची केसाएवढी तार, तिच्यातून उजेड येतो. तो उजेड पुरेसा येतोय का हे मोजायचं छोटं यंत्र माझ्याकडे असायचं. घरातल्या डब्यापर्यंत उजेड नीट आला की रस्त्याचं काम संपलं. पुढे त्या डब्यातून घरभर हवेतून जे वाटलं जातं ते वाय-फाय. या दोन गोष्टी वेगळ्या आहेत हे लोकांना पटवताना माझे केस गेले. बाहेरची लाइन ठणठणीत असते आणि घरातलं वाटप बिघडलेलं असतं. लोक मात्र शिव्या लाइनला घालतात.

वाटपात लोक काय काय करतात! नवीन पनवेलला एका निवृत्त साहेबांनी राउटर लोखंडी कपाटात ठेवून कुलूप लावलं होतं. कपाटाला मागून भोक पाडून वायर आत घेतली होती. महागाची वस्तू, घरात कामाला बायामाणसं येतात, असं त्यांचं म्हणणं. लोखंडातून वाय-फाय बाहेर येत नाही हे सांगितलं तर म्हणाले, "मग कपाट उघडं ठेवू?" बऱ्याच घरी राउटरवर क्रोशाचा रुमाल असतो, त्यावर गणपती असतो. खारघरच्या एका टॉवरमधल्या जोडप्याच्या घरात दिवे, पंखे, गीझर, दाराची घंटा, झाडू मारणारं यंत्र सगळं नेटवर होतं. नेट गेलं आणि दिवे चालूच राहिले, ते रात्रभर. सकाळी मी गेलो तर दोघं डोळ्यांवर ओढण्या बांधून सोफ्यावर आडवे. मी आधी भिंतीवरचं बटण दाबलं. दिवे गेले. बाई उठून बसल्या आणि म्हणाल्या, "अय्या, ते बटण चालतं?"

हे सगळं हसण्यावारी गेलं. एक काम मात्र गेलं नाही. ते बेलपाड्याचं.

खारघरच्या टॉवरांच्या मधोमध बेलपाडा हे मूळ गाव आहे. गल्ल्या अरुंद, घरांची एकाला एक टेकलेली चार-चार मजली बांधकामं, वरच्या खोल्यांत भाडेकरू, तळमजल्यावर मूळ मालक. तिथल्या हिराबाईंच्या घरून तक्रार यायची. हिराबाई वयाने माझ्याच आगेमागे, म्हणून मी त्यांना ताई म्हणायचो. नवरा वारलेला. मुलगा निलेश बंदरात पाळीवर कामाला, लेक जासईला दिलेली. निलेशचं लग्न होऊन वर्ष होत आलं होतं. सून सायली पनवेलची, शिकलेली, एका विमा कंपनीचं काम घरून करायची. आलेले दावे तपासायचे आणि रोज दुपारी साहेबांपुढे व्हिडिओवर मांडायचे. ही लाइन घेतली होती तीच तिच्यासाठी. लग्न ठरलं तेव्हा, मांडव पडायच्याही आधी, हिराबाईंनी आमच्या ऑफिसात स्वतः येऊन सांगितलं होतं, "सर्व्यात मोठी लाइन द्या. सून येनार हाय."

तर ती मोठी लाइन दुपारी बसायची. सकाळी पळते, संध्याकाळी पळते आणि नेमकी सायलीच्या मीटिंगच्या वेळी मान टाकते. साहेबांपुढे ती बोलत असायची आणि अर्ध्या वाक्यात तिचा चेहरा गोठायचा.

पहिल्या खेपेला मी उजेड मोजला. उत्तम. राउटर आतल्या खोलीत भांड्यांच्या मांडणीखाली होता, तो काढून पुढच्या खोलीत खिडकीपाशी भिंतीवर लावला. हिराबाईंनी कौतुकाने बघितलं, चहा दिला, वर भाकरी-सुकट घ्याच म्हणाल्या. त्या घरातून न खाता बाहेर पडणं शक्य नव्हतं. पोस्टमन असो, मीटर वाचणारा असो, सगळ्यांना तोच नियम.

काही दिवसांनी पुन्हा तक्रार. दुपार आणखीच बिघडली होती. या वेळी सायली स्वतः दारात आली. चिडलेली नव्हती. घाबरलेली होती, आणि ते मला जास्त त्रासदायक वाटलं.

"काका, माझ्या मॅनेजरने मेल केलाय," ती म्हणाली. "महिनाअखेरपर्यंत लाइन स्टेबल नाही झाली तर घरून काम बंद. ऑफिस पुण्याला शिफ्ट झालंय. मी इथून रोज पुण्याला कशी जाणार? रिझाइनच करावं लागेल."

मी राउटर बदलला, मोठा दिला; नाव आणि पासवर्ड मात्र जुनाच ठेवला, म्हणजे घरच्यांना पुन्हा घालत बसायला नको. मी स्वतःहून राउटर बदलून दिलाय असं आयुष्यात फार कमी वेळा झालंय, कारण त्याने सहसा काही होत नाही. इथेही नाही झालं. उलट खिडकीपाशी मोठा राउटर लावून मी दुखण्याला खुराकच घातला होता, पण ते पुढे कळलं.

तिसऱ्या खेपेला मी हिराबाईंच्या ओट्यावर लॅपटॉप उघडून बसलो. या राउटरला आजवर कोण कोण चिकटून गेलंय ते बघता येतं. पहिल्याच दिवशी बघायला हवं होतं, पण दोन बायका आणि एक पाळीवरचा मुलगा असं घर, तिथे काय बघायचं असं वाटलं होतं. यादी वर सरकवली तरी संपेना. फोनच फोन. कुणाचं नाव 'किंग', कुणाचं 'साईकृपा', बाकी कंपन्यांचे नुसते नंबर.

"ताई, घरात फोन किती?"

"आमचे घरान तं आमी तीनच मान्सं," हिराबाई म्हणाल्या. "तीन फोन. आनि सायलीचा तो लपटाप."

"मग पासवर्ड कुणाकुणाला दिलाय?"

"कोनाला नाय दिला. शप्पथ. मना तो पाठबी नाय."

सायलीनेही कुणाला दिला नव्हता. निलेशला फोन लावला, त्यानेही नाही. वरच्या भाडेकरूंची लाइन वेगळी, ती मीच टाकलेली. कुणी खोटं बोलत नव्हतं हे तोंडावरून दिसत होतं. पासवर्ड बदलणं दोन मिनिटांचं काम, पण तो कुठून फुटला हे कळल्याशिवाय बदलला तर आठवड्याभरात पुन्हा फुटतो, हा अनुभव. शिवाय लोकांनी काहीतरी लपवलं नसताना आपल्याला कारण सापडू नये याचा मला फार राग येतो. म्हणून मी ठरवलं, दुपारपर्यंत इथेच थांबायचं आणि हे दुखणं उठताना बघायचं.

हिराबाईंच्या घरासमोर, रस्ता ओलांडला की रिक्षा स्टँड. बांबूंवर छप्पर टाकून मुलांनी सावली केलेली, खाली दोन बाकडी. जेवायच्या वेळेला मी तिथे जाऊन बसलो. एकेक रिक्षा येऊन लागायला लागली. पलीकडे इमारतीचं काम चालू होतं, तिथले मजूर, त्यांच्या बायका, डबे घेऊन सावलीला आले. सगळे जेवले आणि मग सगळ्यांचे फोन निघाले. कुणी कुस्त्या बघतोय, कुणी गाणी, एक बाई गावाकडच्या आईशी व्हिडिओवर बोलतेय. मला शंका आलीच, पण यांना पासवर्ड मिळाला कुठून? बसून बसून मान अवघडली म्हणून मी वर बघितलं.

वर सायली आणि निलेश होते.

छप्पर म्हणजे त्यांच्या हळदीचा फ्लेक्स होता. आमच्या भागात हळद लग्नापेक्षा मोठी असते हे वाचकांना माहीत असेलच. मांडवाच्या दारात घराएवढा फ्लेक्स लागतो, नवरा-नवरी मध्ये आणि शुभेच्छुकांचे चेहरे चहूबाजूंनी. याही फ्लेक्सवर ते सगळं होतं. आणि खाली ठळक पिवळ्या अक्षरांत लिहिलेलं होतं : पाहुण्यांसाठी मोफत वाय-फाय. पुढे नाव, त्याच्या पुढे पासवर्ड. एक अक्षर पुसलेलं नव्हतं. फ्लेक्सची चित्राची बाजू आत, कोरी बाजू पावसाला.

मी शेजारी बसलेल्या रफिकभाईंना विचारलं, हे तुम्ही वापरता का. स्टँडवरचे ते सगळ्यात जुने रिक्षावाले. त्यांनी जराही लपवलं नाही. "हां तो, काका. मौसीचं नेट आहे. लिहिलंय ना वर, मेहमानों के लिए. हम तो रोज के मेहमान हैं." आणि त्यांनी मलाच विचारलं, "पण दोपहर को बहुत अटकता है. तुम्ही नेटवाले ना? जरा मौसीला सांगा ना, मोठी लाइन घ्यायला."

मी उठून हिराबाईंकडे आलो आणि त्यांना दारात उभं करून समोर बोट दाखवलं. फ्लेक्स त्यांनीच दिला होता. हळदीला एवढी माणसं जमणार, सगळ्यांच्या मोबाइलची रेंज गर्दीत जाते, म्हणून निलेशच्या मित्रांनी पासवर्ड छापायचं डोकं चालवलं. हिराबाईंना ते फार आवडलं होतं. आलेल्या माणसाला पाणी विचारतो तसं नेट विचारलं. पुढे पावसाळ्यात स्टँडच्या मुलांना छप्पर हवं होतं, तेव्हा माळ्यावरचा फ्लेक्स त्यांनी काढून दिला.

"पण चित्र आतल्या बाजूला का?" मी विचारलं. "लोक तर चित्र वर टाकतात."

"मीच सांगितला त्यांना," त्या म्हणाल्या. "पोरांचे तोंडावर पानी पडंल ना पावसाचा. नवी नवरी ती."

सायली आतून ऐकत होती. तिने फक्त कपाळाला हात लावला. हसावं की रडावं हे तिलाही ठरवता येत नव्हतं.

मी म्हटलं, चला, रोग सापडला. लॅपटॉप उघडला. "ताई, आता पासवर्ड बदलतो. दोन मिनिटं."

"नको," हिराबाई म्हणाल्या.

मला वाटलं त्यांना समजलं नाही. म्हणून मी समजावलं. हा राउटर म्हणजे पंगतीतला वाढपी. वाढपी एकच आहे. घरच्या चार ताटांसाठी ठेवलेला. आता पंगतीला अख्खा स्टँड आणि अख्खी बिल्डिंग बसलीय. त्यात त्याची दमछाक होऊन कुणालाच नीट वाढलं जात नाही, आणि सायलीचं ताट नेमकं दुपारी रिकामं राहतं.

"ते कललं मना," त्या म्हणाल्या. "पन पंगतीला बोलावला कोनी? आमीच ना? लिवून बोलावला. आता जेवाला बसलेल्या मानसाला उठ कसा बोलू?"

"ताई, हळद होऊन वर्ष झालं!"

"मंग? त्यांना कोनी सांगितला, हळद झाली, आता नको म्हनून?"

इथे मी चिडलो. खोटं कशाला सांगू. सुनेची नोकरी जायला आलीय आणि सासूबाई रिक्षावाल्यांचं आदरातिथ्य करतायत, हे मला सहन होईना. मी आवाज चढवून म्हटलं की उद्या हिची नोकरी सुटली तर हे स्टँडवाले येणार आहेत का पगार द्यायला?

हिराबाई ओट्यावर बसल्या. आवाज चढवला नाही. "भाऊ, आमचे ह्यांची किडनी गेलेली. डायलिसिसला पनवेलला न्यावा लागं. निलेस पालीवर. स्टँडवरची पोरां आलीपालीनं न्यायची. रफिक तं रोजा धरून बसायचा हास्पिटलचे भायेर. एकान कवा मीटर टाकला नाय. मी त्यांना काय देऊ शकले? एक फ्लेक्स दिला, आनि त्याच्यावर लिवलेला ता नेट. ता पन काढून घेऊ?"

सायली बाहेर येऊन सासूशेजारी बसली. तिने सासूविरुद्ध एक शब्द काढला नाही. मला म्हणाली, "काका, मी डायरेक्ट वायर लावून काम केलं तर?"

"वायर लावली तरी वाढपी तोच," मी म्हटलं.

"आनि हिचे बापाला मी शबुद दिलाय," हिराबाई माझ्याकडे न बघता म्हणाल्या. "पोरीची नोकरी सुटनार नाय म्हनून. चार मान्सांत दिलाय."

म्हणजे दोन्ही शब्द त्यांचेच, आणि दोन्ही एकाच डब्यात अडकलेले. मी इतकी वर्षं दुरुस्त्या केल्या, पण अशी अडचण यंत्रात सापडली नव्हती.

उपाय तसा होता. एकाच राउटरवर दोन नावं करता येतात. एक घरचं, एक पाहुण्यांचं. पाहुण्यांचं जुनं नाव, जुना पासवर्ड, फ्लेक्सवर आहे तोच राहू द्यायचा, फक्त त्याला लगाम लावायचा. लाइनीचा लहानसा हिस्सा त्यांना आणि बाकी सगळी लाइन घरच्यांना. कुणाला उठ म्हणायला नको. मी हे सांगितलं आणि मनात म्हटलं, आता तरी बाई खूश होतील.

हिराबाईंनी ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "म्हंजे एकाच पंगतीत घरच्यांना एक वाढायचा, पावन्यांना दुसरा?"

पंगतीचा दाखला मीच दिला होता. तो असा अंगावर येईल असं वाटलं नव्हतं. पंक्तिप्रपंच हे आपल्याकडे किती मोठं पाप मानतात हे मला माहीत नव्हतं असं नाही. ताट भरलेलं असो की नसो, शेजारच्याच्या ताटात जे पडलं तेच आपल्या ताटात पडलं पाहिजे. माझ्या आईनेही घरात जेवायला बसलेल्या गवंड्याला दूध वेगळं दिलं नव्हतं. पण वाय-फायला हा नियम लावणारी बाई मी पहिल्यांदा बघत होतो.

त्या उठून आत गेल्या. सायली आणि मी ओट्यावर बसून राहिलो. समोर स्टँडवर जेवणं आटोपली होती, माणसं बाकड्यांवर पसरली होती, आणि वरून सायली-निलेश त्यांच्याकडे हसऱ्या तोंडाने बघत होते. सायली म्हणाली, "काका, आई नाही म्हणाल्या तर तुम्ही जोर नका करू. मी बघेन दुसरं काहीतरी." दुसरं काही नव्हतं हे तिला आणि मला दोघांनाही ठाऊक होतं.

हिराबाई चहा घेऊन आल्या. कप माझ्या हातात देऊन म्हणाल्या, "सायलीचे कामाला येगळा करा. काम हाय ता. कामाला पंगत नसते. मी शबुद दिलाय."

"ठीक. मग घरचे सगळे फोन—"

"फकस्त सायलीचा. मना पावन्यांतच ठेवा. निलेसलापन."

"ताई, पाहुण्यांचं फार हळू चालेल. जासईला मुलीशी व्हिडिओवर बोलता ना तुम्ही?"

"तं? समोरची बाई पन तिचे आईशी बोलते. तिचा अडकंल आनि माजा पलंल, असा नको."

मी दोन नावं केली. पासवर्ड सायलीला लिहून देऊ लागलो तर हिराबाई म्हणाल्या, "माजे समोर बोलू नका. कोनी इचारला तं मी देनार. मना ठाऊकच नको." आणि खरंच त्या पाठ फिरवून रस्त्याकडे बघत उभ्या राहिल्या.

दुसऱ्या दिवशी दुपारी माझं तिकडे काही काम नव्हतं. तरी गेलो. सायलीच्या मीटिंगच्या वेळेला फ्लेक्सखाली जाऊन बसलो. मंडळी जेवली, फोन निघाले आणि थोड्याच वेळात कुरकुर सुरू झाली. रफिकभाई फोन हलवून बघत म्हणाले, "काका, आज तो एकदमच मरेला है. कुछ करो ना." ती कुरकुर ऐकून मला जेवढं समाधान झालं तेवढं कुठल्या शाबासकीने झालं नसेल. समोर खिडकीतून सायली दिसत होती, हात हलवून बोलत होती, आणि तिचं बोलणं मध्येच तुटत नव्हतं. मीटिंग संपल्यावर ती खिडकीत आली. तिने अंगठा दाखवला. महिनाअखेर आली आणि गेली. नोकरी राहिली.

काम झाले, असं मी कागदावर लिहिलं.

त्यानंतर पावसाळा संपता संपता गल्लीत गटारासाठी खोदकाम झालं आणि आमची तार तुटली. दरवर्षी कुणीतरी खोदतं आणि दरवर्षी तुटते. ती जोडायला मी बेलपाड्यात गेलो. जोडून झालं, घरोघरी नेट आलं का विचारत हिराबाईंच्या दारी पोचलो. दुपार कलली होती. हिराबाई ओट्यावर बसल्या होत्या, हातात फोन. जासईच्या मुलीला बाळ झालं होतं आणि व्हिडिओवर बाळाला आंघोळ चालली होती. म्हणजे चालली असावी. फोनवर बाळाचा एक पाय दिसत होता आणि तो पाय हलत नव्हता. वर गोल फिरत होता.

"हॅलो? गो, दिसत नाय गो," हिराबाई फोनला सांगत होत्या. मग नुसत्याच त्या पायाकडे बघत बसल्या.

मला राहवलं नाही. "आणा तो फोन," मी म्हटलं. "सायलीच्या लाइनवर घेतो. तुम्हाला पासवर्ड सांगत नाही, मी घालून देतो. एका मिनिटाचं काम. कुणाला कळणार आहे?"

"मना कलंल ना," त्या म्हणाल्या. फोन त्यांनी मांडीवर उलटा ठेवला, मी हिसकावून घेईन म्हणून असेल.

तेवढ्यात सायलीचं काम सुटलं. ती लॅपटॉप मिटून बाहेर आली, माझ्यासाठी पाणी आणलं आणि सासूशेजारी ओट्यावर टेकली. तिनेही फोन काढला. नणंदेने पाठवलेला बाळाचा व्हिडिओ उघडायचा होता. तिच्याही फोनवर गोल फिरायला लागला.

माझ्यातला कारागीर जागा झाला. एवढं करून हिची लाइन बिघडली? "तुमचं का अडकतंय? तुमचं तर वेगळं करून दिलंय मी. बघू."

"लॅपटॉपचं फास्ट आहे काका, काही प्रॉब्लेम नाही," सायली म्हणाली. "हा फोन आहे ना. फोन मी जुन्यावरच ठेवलाय. काम सुटलं की मीपण पाहुण्यांतच."

हिराबाईंनी तिच्याकडे बघितलं नाही. त्यांना हे माहीत होतं की नव्हतं, मला कळलं नाही. त्यांनी फक्त थोडं सरकून तिला भिंतीला टेकायला जागा करून दिली.

समोर स्टँडवर रफिकभाई पथारी टाकून पडले होते, तेही छातीवर फोन धरून वाट बघत होते. हिराबाईंनी मांडीवरचा फोन पुन्हा सुलटा केला होता आणि इकडे ओट्यावर दोन फोनवर दोन गोल फिरत होते. तो फिरणारा गोल दिसला की माझा हात आपोआप पिशवीकडे जातो, जन्माची सवय आहे. गेलाही. मग मी तो मागे घेतला आणि त्या दोघींबरोबर बाळ हलायची वाट बघत बसलो.